वडिलांचा संशय, फळवाल्याचे नाव

पत्र

माझे वडील ७२ वर्षांचे असून पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी दादा-वहिनींसोबत राहतात. ते माध्यमिक शाळेत गणिताचे शिक्षक होते. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि तेव्हापासून त्यांचा बराचसा वेळ मोबाइलवर जातो. मुस्लिम विक्रेते आणि आचारी खाण्यातून मूल होऊ न देणारे औषध घालतात, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ठामपणे सांगतात. गेल्या महिन्यात त्यांनी कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोपऱ्यावरच्या फळवाल्या चाचांचे नाव लिहून ‘यांच्याकडून काहीही घेऊ नका’ असा मजकूर टाकला. चाचा वीस वर्षांपासून तिथे गाडी लावतात. आईच्या आजारपणात ते रोज शहाळे घरी आणून देत असत. त्या मजकुरावर काहींनी अंगठे दाखवून पाठिंबा दिला, काहींनी ‘सरांना येरवड्याला पाठवा’ असे लिहिले आणि बाकीचे गप्प राहिले. माझ्या चुलतभावाने त्याचा स्क्रीनशॉट टिंगल करून फेसबुकवर टाकला आणि तो गावभर फिरला. चाचांच्या गाडीवर आता फारसे कोणी थांबत नाही.

अलीकडे बाबा म्हणतात की चाचा रात्री आमच्या फाटकापाशी उभे राहून घरावर नजर ठेवतात. त्यांना ऐकू कमी येते, पण यंत्र लावायला ते तयार नाहीत. एरवी बँकेचे व्यवहार, वीजबिल, औषधे हे सगळे ते स्वतः नीट पाहतात. दादा म्हणतो, वय झाले आहे, सोडून दे. दादा-वहिनींना लग्नाला आठ वर्षे होऊनही मूल नाही, त्यामुळे घरातले वातावरण आधीच जड असते. माझे पती आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला यापुढे आजोळी पाठवायला तयार नाहीत. बाबांना वेड लागले आहे का? की ते मुळातच असे होते आणि मला कधी दिसले नाही? मी त्यांच्याशी कसे वागावे?

— एक लेक, पुणे

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सगळे प्रश्न वडिलांविषयी आणि घराविषयी आहेत, आणि मुलीच्या नात्याने ते तसे असणे स्वाभाविक आहे. तरीही उत्तराची सुरुवात मी चाचांपासून करणार आहे, कारण या प्रकरणात ज्यांनी काहीही केलेले नाही आणि ज्यांचे नुकसान आजही रोज चालू आहे, असे तेच एक आहेत. तुमचे वडील आजारी आहेत, फसवले गेले आहेत की त्यांच्या मनात खरोखरच द्वेष आहे, हे समजायला काही आठवडे जातील. नाशवंत माल घेऊन रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या माणसापाशी तेवढा अवधी नसतो.

म्हणून गावी जाल तेव्हा आधी चाचांना भेटा. गाडीवर गिऱ्हाईक असेल तर थांबा आणि ते मोकळे झाल्यावर एवढेच सांगा की वडिलांनी लिहिले ते खोटे आहे, त्याचा तुम्हाला त्रास झाला याची मला लाज वाटते, आणि जिथे ते लिहिले गेले तिथेच ते खोटे असल्याचे मी लिहिणार आहे. मात्र लिहिण्याआधी त्यांना विचारा की त्यात त्यांचे नाव यावे की नको. नाव पुन्हा छापले गेले की पुन्हा चर्चा होते, आणि त्या चर्चेची झळ कोणाला लागणार हे त्यांना तुमच्यापेक्षा अधिक कळते. ‘त्यांचे वय झाले आहे, मनावर घेऊ नका’ असे म्हणू नका. मनावर घ्यायचे की नाही हे त्यांनी ठरवायचे आहे. घरी येऊन वडिलांसमोर एखादे फळ खाऊन दाखवा, अशी विनंती तर चुकूनही करू नका. ज्याच्यावर खोटा आळ आला त्यानेच निर्दोषपणाचा पुरावा द्यावा, ही अपेक्षा म्हणजे त्या आळाचाच पुढचा भाग आहे. त्यांना पोलिसांकडे जावेसे वाटले तर अडवू नका. धर्माच्या नावाने समाजात वैर पसरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली आणि बदनामी हा कलम ३५६ खाली गुन्हा आहे. तुमच्या वडिलांवर असा प्रसंग यावा असे मला वाटत नाही, पण तो टाळण्याची जबाबदारी चाचांच्या समजूतदारपणावर टाकणे न्यायाचे होणार नाही.

आता चुलतभावाकडे वळते. आपण अन्यायाची बाजू घेत नाही हे दाखवण्याचा त्यांचा हेतू असेल, हे मी मान्य करते. पण त्या स्क्रीनशॉटने प्रत्यक्षात काय केले ते पाहा. कॉलनीच्या ग्रुपमधील मजकूर कॉलनीतच राहिला असता. चाचांच्या नावासह, त्यांच्या गाडीच्या जागेसह तो गावभर पोचवण्याचे काम टिंगल करणाऱ्यांनी केले. ज्यांनी ही अफवा कधी ऐकलीही नव्हती त्यांच्यापर्यंत ती हसत हसत गेली, आणि ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येक जण हसून थांबतो असे होत नाही. ‘उगाच कशाला धोका’ असे मनाशी म्हणून पुढच्या गाडीवर जाणारा माणूस स्वतःला पूर्वग्रही समजतच नाही. चाचांचा धंदा अशाच माणसांमुळे बसला आहे. चुलतभावाला शांतपणे हे समजावून ती नोंद काढून टाकायला सांगा.

टिंगलीचा दुसरा परिणाम तुमच्या वडिलांवर झाला आहे. ज्या माणसाला आयुष्यभर गावाने ‘सर’ म्हणून हाक मारली, त्याला एका दिवसात गावाने वेडा ठरवले. अशा वेळी माणूस स्वतःचे मत तपासत बसत नाही. जिथे आपला अजून मान राखला जातो तिथे जाऊन बसतो. तुमच्या वडिलांना आज असा मान देणारे कोण आहेत? त्यांना ते निरोप पाठवणारेच. त्यांच्या दृष्टीने सर जागरूक आहेत आणि बाकीचे झोपलेले. त्यांची पकड हसण्यामुळे ढिली झालेली मी पाहिलेली नाही.

आणि येरवड्याविषयी थोडे स्पष्टच लिहिते, कारण हे वाक्य आपल्याकडे फार सहज तोंडात येते. येरवड्याचे मनोरुग्णालय हे आजारी माणसांवर उपचार करण्याचे ठिकाण आहे. तिथे दाखल असणाऱ्या बहुसंख्य लोकांनी कोणाच्या पोटावर पाय दिलेला नसतो; उलट लोकांनीच त्यांना टाकलेले असते. एखाद्याचे बोलणे द्वेषाचे असेल तर त्याला द्वेष म्हणावे. त्याला वेड म्हटले की एकाच वाक्यात दोन अन्याय होतात: मानसिक आजाराशी झुंजणारी माणसे धोकादायक ठरतात, आणि द्वेष पसरवणारा धडधाकट माणूस ‘त्याला काय कळते’ म्हणून सुटतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक, राजकीय मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी एखाद्याचे जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. ही तरतूद बंडखोरांचे रक्षण करण्यासाठी आहे, पण ती दुसऱ्या बाजूनेही उपयोगी पडते. आपल्याला न पटणारी, अगदी घातक वाटणारी समजूत हे आजाराचे लक्षण होत नाही.

तर मग तुमच्या प्रश्नाकडे येऊ. ‘बाबांना वेड लागले आहे का?’ तुमच्या पत्रात त्यांच्या दोन समजुती आहेत आणि तुम्ही त्या एकापाठोपाठ लिहिल्या आहेत. मला त्या दोन वेगळ्या जातीच्या वाटतात. खाण्यात औषध घालतात, ही समजूत त्यांना बाहेरून आली. ती हजारोंच्या मोबाइलवर आहे, आणि ती बाळगणारे बहुतेक लोक आजारी नाहीत. रात्री फाटकापाशी उभे राहून चाचा आपल्या घरावर नजर ठेवतात, हे मात्र त्यांना कोणीही पाठवलेले नाही. ही समजूत त्यांची एकट्याची आहे, ती थेट त्यांच्या स्वतःविषयी आहे, आणि ती नव्याने सुरू झाली आहे. मानसोपचारतज्ज्ञ ज्याला भ्रम म्हणतात त्याची ओळख बहुधा अशीच असते: भोवतालच्या कोणालाही न पटणारी, पुराव्याने न हलणारी, आणि ‘मला लक्ष्य केले जात आहे’ अशा रोखाची खात्री.

दादांचे ‘वय झाले आहे’ हे उत्तर मला म्हणूनच पटत नाही. उतारवयात पहिल्यांदाच असा संशय दिसू लागला तर त्याची कारणे शोधावी लागतात, आणि त्यांतील काही उपचारांनी बरी होणारी असतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे दोष, मूत्रमार्गाचा संसर्ग, झोपेच्या किंवा अन्य गोळ्यांचे परिणाम, नैराश्य, स्मृतिभ्रंशाची सुरुवात या सगळ्या शक्यता डॉक्टर तपासतात. ऐकू कमी येणे हेही त्यात मोठे कारण असते. ज्याला बोलणे अर्धेच ऐकू येते तो उरलेले अर्धे स्वतः भरतो, आणि एकाकी माणूस ते सहसा चांगल्या अर्थाने भरत नाही. आई गेल्यानंतर घरात त्यांच्याशी मोठ्याने, सावकाश, समोर बसून बोलणारे कोणी आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. मला ते जाणून घ्यायला आवडले असते.

त्यांना ‘मानसोपचारतज्ज्ञाकडे चला’ असे म्हणालात तर गावाने वेडा ठरवलेला माणूस दार लावून घेईल. म्हणून कानापासून सुरुवात करा. कानाची तपासणी, नेहमीच्या डॉक्टरांकडून रक्त-लघवीच्या तपासण्या, आणि डॉक्टरांना आधीच फोन करून फाटकाची हकिकत सांगून ठेवणे, हा क्रम त्यांना मानहानीचा वाटणार नाही. दादांना विचारा की वडील रात्री नीट झोपतात का, कोणाचे आवाज ऐकू येतात असे म्हणतात का, घरचे जेवण किंवा पाणीही नाकारू लागले आहेत का, उशाशी काठी किंवा कोयता ठेवतात का. यांपैकी कशाचेही उत्तर ‘हो’ असेल तर वाट पाहू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते आणि ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो. फाटकाविषयी त्यांच्याशी वाद घालू नका आणि होकारही देऊ नका. ‘तुम्हाला भीती वाटते हे मला दिसते आहे, मला तिथे कोणी दिसले नाही’ एवढे खरे आहे आणि पुरेसे आहे. फाटकापाशी दिवा मात्र अवश्य लावून घ्या, आणि चाचा तिथे येतात हे कॉलनीत कोणाच्याही तोंडून पसरू देऊ नका.

समजा हा आजारच निघाला, तरी एक गोष्ट उरते. भ्रमात माणसाला कोणीतरी शत्रू दिसतो, पण तो शत्रू कोण, हे त्याचे मन भोवतालातूनच उचलते. एके काळी लोकांना करणी करणारी शेजारीण दिसत असे. नंतर रेडिओच्या लहरींतून कोणी आपले विचार ऐकतो असे वाटू लागले. आज तुमच्या वडिलांना फाटकापाशी दाढीवाला फळवाला दिसतो, याचे कारण त्यांच्या मेंदूत सापडणार नाही. ते चेहरे निरोगी माणसांनी तयार करून ठेवलेले आहेत. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या पहिल्या भीतीच्या दिवसांत, एका वृद्ध मुस्लिम फळविक्रेत्याची चित्रफीत देशभर फिरली; तो बोटाला थुंकी लावून फळे रचत होता आणि हे रोग पसरवण्याचे कारस्थान असल्याचे सांगितले गेले. ती चित्रफीत मध्य प्रदेशातील रायसेनची, फेब्रुवारीत काढलेली होती, आणि त्या माणसाची मानसिक स्थिती ठीक नसल्याचे त्याच्या घरच्यांनी सांगितले होते. आपल्या घरचा वृद्ध विचित्र वागला की ते वय असते आणि त्यांच्या घरचा वृद्ध विचित्र वागला की ते संपूर्ण समाजाचे कारस्थान असते, हा भेद तुमच्या दादांनाही एकदा दाखवा.

आता त्या पहिल्या, बाहेरून आलेल्या समजुतीविषयी. एका जेवणातून माणसाला कायमचे वंध्यत्व आणेल असे कोणतेही औषध वैद्यकशास्त्राला ठाऊक नाही. वडील गणिताचे शिक्षक आहेत, म्हणून त्यांना श्रीलंकेतील एक घटना सविस्तर सांगा; निष्कर्ष त्यांनाच काढू द्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेथील अंपारा गावात एका मुस्लिम खानावळीत जेवणात काही गोळा आढळला आणि सिंहली लोकांना निर्वंश करण्याची ही गोळी आहे, असा गिऱ्हाइकांनी गिल्ला केला. गल्ल्यावरच्या माणसाला सिंहली नीट येत नव्हते. घाबरून तो काहीतरी होकारार्थी बोलला, ते मोबाइलवर टिपले गेले, पसरले, आणि खानावळीसह मशिदीवर हल्ला झाला. शासकीय प्रयोगशाळेने तपासले तेव्हा तो पिठाचा गोळा निघाला. पण तोपर्यंत ती गोष्ट फार पुढे गेली होती. पुढच्याच महिन्यात कँडी जिल्ह्यात मोठी दंगल उसळली आणि देशात आणीबाणी जाहीर करावी लागली. त्या दंगलीला इतरही कारणे होती, पण गोळीची गोष्ट तोवर घराघरांत पोचलेली होती.

तिथे बौद्ध सिंहली बहुसंख्य आहेत. त्यांनी मुसलमानांविषयी जे म्हटले तेच तुमचे वडील इथे म्हणतात. आणि हाच आरोप उलट दिशेनेही झालेला आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात पोलिओच्या थेंबांविषयी अनेक मुस्लिम वस्त्यांत वर्षानुवर्षे अशी समजूत होती की हे थेंब आपल्या मुलांना वंध्य करण्यासाठी आहेत. त्या भीतीला आणीबाणीतील सक्तीच्या नसबंदीच्या आठवणींचीही पार्श्वभूमी होती. तेव्हाही ‘अडाणी लोक’ म्हणून हसणारे पुष्कळ होते, आणि त्यांच्या हसण्याने एकाही बाळाच्या तोंडात थेंब पडला नाही. उपयोग झाला तो वस्तीतल्याच बायकांना घरोघर पाठवण्याचा, इमामांनी जाहीरपणे मुलांना थेंब पाजण्याचा, आणि ‘आमच्या मुलाला जुलाब होतात तेव्हा कोणी येत नाही, मग या थेंबांसाठीच का येता’ या प्रश्नाला उत्तर म्हणून आरोग्य शिबिरे भरवण्याचा. भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले.

हे दोन्ही दाखले मी मुद्दाम दिले, कारण दोन्हीकडे भीती एकच आहे: आपला वंश खुंटेल. आणि इथे तुमच्या पत्रातले एक वाक्य मला थांबवते, जे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. दादा-वहिनींना आठ वर्षांत मूल झालेले नाही. हा माझा तर्क आहे, तो चुकीचाही असू शकतो, पण हजार अफवांमधून तुमच्या वडिलांनी नेमकी हीच का उचलली, याचे उत्तर मला तिथे दिसते. पत्नी गेली, नातवंडाची वाट पाहणे संपत नाही, घरात त्याविषयी बोलायची सोय नाही, आणि अशात कोणीतरी सांगते की यामागे कोणाचा तरी हात आहे. ज्या दुःखाला कोणीच जबाबदार नाही ते सोसणे कठीण असते; दोषी सापडला की निदान रागवायला जागा मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण सहापैकी एका प्रौढाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते, आणि त्यात कोणत्याही धर्माचा, देशाचा अपवाद नाही. दादा-वहिनींची इच्छा असेल तरच, आणि त्यांच्याच शब्दांत, हे वडिलांशी बोलले जावे. वहिनींना यात ओढू नका. गावात या विषयावरचे बोलणे आधीच त्यांच्या वाट्याला पुष्कळ येत असणार.

वडिलांशी स्वतः बोलायला बसाल तेव्हा फोनवर बोलू नका, ग्रुपवर तर मुळीच नाही. चित्रफितींना उत्तर म्हणून चित्रफिती पाठवू नका. त्यांना विचारा की ही गोष्ट पहिल्यांदा कोणी सांगितली, त्या माणसाला ती कशी कळली, ती खोटी असेल तर ते कोणत्या पुराव्यावरून ओळखता येईल. उत्तर लगेच मागू नका. मग आईचा विषय काढा. आईला रोज शहाळे आणून देणारे चाचा आणि मजकुरातले चाचा ही दोन माणसे त्यांच्या मनात एकत्र कशी राहतात, हे तुम्हाला खरोखर जाणून घ्यायचे आहे म्हणून विचारा. ते चिडतील. चिडू द्या. पण तुमचे मत झाकून ठेवू नका: ‘बाबा, मला तुमची काळजी वाटते, आणि तुम्ही जे लिहिले ते वाईट होते’ ही दोन्ही वाक्ये एकाच बैठकीत बोलली गेली पाहिजेत. पहिले गाळलेत तर ते ऐकणार नाहीत, आणि दुसरे गाळलेत तर गेल्या महिन्यात काही झालेच नाही असे होईल.

‘मुळातच असे होते का’ हेही तुम्ही विचारले आहे. कदाचित थोडेसे असतील. आपल्यातील बहुतेकांच्या घरांत ‘ते लोक’ हा शब्दप्रयोग होता आणि त्याच घरांत ईदचा शीरखुर्मा आवडीने खाल्ला जात होता. प्रेम आणि पूर्वग्रह एका माणसात वर्षानुवर्षे सुखाने राहतात. कसोटीची वेळ येईपर्यंत दोन्हींपैकी कोणते बळकट आहे हे त्या माणसालाही ठाऊक नसते. तुम्हाला दिसले नाही यात तुमचा दोष नाही. आता दिसले आहे, एवढे खरे.

कॉलनीतील ज्यांनी अंगठे दाखवले त्यांच्याविषयी मला तुमच्या वडिलांपेक्षा अधिक राग आहे. त्यांना बहिरेपण नाही, पत्नीचा मृत्यू नाही, फाटकापाशी कोणी दिसत नाही. अफवेला पाठिंबा देताना आपण फक्त बोट लावले असे त्यांना वाटत असेल, तर त्यांनी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा आठवावे. १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून तिथे पाच जणांना ठार मारले गेले. ते मंगळवेढा भागातून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी होते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले, त्याआधी त्या भागात चोरांच्या आणि मुले पळवणाऱ्यांच्या अफवा फिरत होत्या. लगेच त्या हत्येला हिंदू-मुस्लिम रंग देणारी दुसरी अफवा उठली. तेव्हा राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुस्लिम नाही हे सांगावे लागले. त्याच वर्षी, करोना पसरवल्याचा ठपका ठेवल्या गेलेल्या तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेच्या परदेशी सदस्यांवरील गुन्हे रद्द करताना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे नोंदवले. अफवा पाठवणारा माणूस घरात बसलेला असतो आणि तिची किंमत रस्त्यावर उभा असलेला देतो, मग तो गोसावी असो, साधू असो की फळवाला.

जे गप्प बसले त्यांच्यात तुमच्या कामाची माणसे आहेत. वडिलांचा एखादा जुना विद्यार्थी, त्यांच्या वयाचा एखादा मित्र, आईची मैत्रीण, असे दोन-तीन जण निवडून त्यांना प्रत्यक्ष भेटा आणि तुमच्या खुलाशाला ग्रुपवर त्याच दिवशी नावानिशी दुजोरा द्यायला सांगा. त्यांनी वडिलांचा अपमान करायचा नाही. चाचांकडून आपण वर्षानुवर्षे फळे घेतो आणि घेत राहू, एवढेच लिहायचे. ग्रुप चालवणाऱ्याला मूळ मजकूर काढून टाकायला सांगा. त्याने नकार दिला तर तो नकारही सर्वांसमोर येऊ द्या.

मुलीच्या बाबतीत तुमच्या पतींची काळजी रास्त आहे, पण आजोळ तोडू नका. तिला आजोबांकडे तुमच्यापैकी एकासोबत न्या. त्यांनी तिच्यासमोर तो विषय काढला तर न भांडता तिला घेऊन बाहेर पडा, आणि का बाहेर पडलो ते वाटेत तिला नीट सांगा. आजोबा एका गोष्टीत चुकत आहेत, त्यामुळे चाचांना त्रास झाला आहे, आणि आपण तो दूर करायचा प्रयत्न करतो आहोत, हे नऊ वर्षांच्या मुलीला कळते. तिला चाचांच्या गाडीवरही न्या, मात्र वडिलांना दाखवण्यासाठी म्हणून नव्हे.

खुलासा वडिलांनीच लिहावा, असा प्रयत्न आधी करा. तपासण्यांचे निष्कर्ष हाती येईपर्यंत मात्र त्यासाठी थांबू नका. त्यांनी नकार दिला तर तुम्ही लिहा, दादांची सही सोबत घ्या, आणि मजकूर छोटा ठेवा: ‘आमच्या वडिलांनी या ग्रुपवर एका फळविक्रेत्याविषयी जे लिहिले ते खोटे आहे. त्याला कोणताही आधार नाही. या मजकुरामुळे त्यांना झालेल्या त्रासाबद्दल आम्ही त्यांची क्षमा मागतो. कृपया तो पुढे पाठवू नये, आणि ज्यांनी पाठवला आहे त्यांनी हा खुलासाही तिथे पाठवावा.’ त्यात वडिलांच्या प्रकृतीचा उल्लेख करू नका. हे लिहिणार असल्याचे वडिलांना आधी समोर बसून, त्यांना ऐकू येईल अशा आवाजात सांगा, म्हणजे ते त्यांना दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवरून कळणार नाही.